व्हिसाची तारीख उलटली म्हणून त्यांना कामावरून काढू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या खेड्यात तुमचं किराणा दुकान, लागूनच छोटा कॅफे. कॅफेत काम करणाऱ्या युक्रेनी बाईंच्या व्हिसाची मुदत या महिन्यात संपतेय. मुदतवाढीचा अर्ज त्यांनी केलाय, पण उत्तर नाही. आणि तुमचे पगार बघणारी फर्म म्हणते, त्या तारखेला त्यांना कमी करा. लायब्ररीला मदत करायची आहे, पण नेमकं काय करायचं ते तिथेही कुणाला माहीत नाही.

आमच्या भागात अशाच एका फर्मने एका बेकरीवाल्याला हेच लिहून दिलं होतं. त्याने घाबरून ऐकलं. ज्यांना काढलं, त्या बाईंना त्या दिवशीही काम करण्याचा पूर्ण हक्क होता. चूक उघड झाली तोवर त्यांच्या जागी दुसरं माणूस लागलेलं, आणि खेड्यात दुसरी बेकरी नसते. फर्मने एक साधा चौकशी अर्जही केला नव्हता. त्याचा राग अजून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी वकील नाही. नियम बदलत असतात, तेव्हा प्रत्येक गोष्ट सरकारी पानावर एकदा ताडून बघा.

मुदत संपायच्या आत अर्ज गेला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुने हक्क, कामाचा हक्क धरून, तसेच चालू राहतात. हे १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ३सी. त्यामुळे सगळ्यात आधी अर्जाच्या पोचेचा ईमेल मागा आणि त्यावरची तारीख बघा. युक्रेनी लोकांसाठीची १८ महिन्यांची मुदतवाढ ४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली, तेव्हा शेवटच्या २८ दिवसांतच अर्ज करता येत होता. म्हणून ‘आधीच का नाही केला’ असं त्यांना कुणी विचारू नये. शिवाय घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो, लहान मुलांचासुद्धा. आईचा गेला म्हणजे मुलाचा गेला असं नाही.

आता तुमची बाजू. हक्क नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा फर्मची भीती खोटी नाही. उपाय मात्र नोकरीवरून काढणं हा नव्हे. होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याची, एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस आहे, तिथे ऑनलाइन विचारणा करायची. बाईंना आधी सांगून त्यांचं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पत्ता, हुद्दा, आठवड्याचे तास आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक भरायचा. अर्ज करून साधारण १४ दिवस झाल्यावर विचारा, त्याआधी नोंद सापडत नाही. हक्क असल्याचं पत्र आलं की तुम्हाला सहा महिने संरक्षण मिळतं. ते संपण्याआधी पुन्हा विचारायचं. आधीपासून कामावर असलेल्या माणसासाठी, अर्ज वेळेत गेल्याची तुमची वाजवी खात्री असेल, तर हे पत्र मिळवायला मुदत संपल्यापासून २८ दिवसांची सवलत आहे. फर्मने नेमकं हेच वाचलेलं नसतं. त्यांना उलट टपाली लेखी विचारा: चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा केली का? काय उत्तर आलं?

दुसरा घोळ शेअर कोडचा, म्हणजे आपला हक्क ऑनलाइन दाखवायला व्हिसाच्या सरकारी खात्यातून काढायच्या कोडचा. कामासाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, इंग्लंडमध्ये घरभाड्यासाठीचा आरने, बाकी कामांचा एसने. बाई घाईत एसचा काढून देतात आणि मालक म्हणतो चालत नाही. कोड ९० दिवस चालतो. तपासणी मालकासाठीच्या पानावरूनच करायची. बाईंनी स्वतःच्या खात्यातून छापून आणलेला कागद कायद्याच्या दृष्टीने तपासणी ठरत नाही. पानावरचा फोटो समोरच्या माणसाशी ताडून बघायचा, ते पान पीडीएफ करून ठेवायचं, आणि नोकरी संपल्यावरही दोन वर्षं जपायचं. जुनं प्लॅस्टिकचं रहिवासी परवान्याचं कार्ड दाखवलं तर विसरा. ६ एप्रिल २०२२ पासून कामाच्या तपासणीला ते चालतच नाही.

लायब्ररीचा खरा उपयोग इथे आहे. या व्हिसाच्या खात्यात लॉगिन करताना सुरक्षा कोड फोनवर येतो, आणि पुष्कळांनी सुरुवातीला युक्रेनचा नंबर दिलेला असतो. ते सिम बंद पडलं की गाडी तिथेच अडते. तेव्हा कोड ईमेलवर मागवायचा, आणि आत गेल्यावर आधी फोन नंबर बदलून टाकायचा. नवा पासपोर्ट काढला असेल तर तोही खात्याला जोडायचा. लायब्ररीच्या आयटीवाल्यांना कॉम्प्युटरवर युक्रेनियन कीबोर्ड टाकायला सांगा. रशियन आहे, त्यावर भागेल असं ते म्हणतील, पण युक्रेनियनची चार अक्षरं त्यात नाहीत. आणि एक कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवा, पासपोर्ट नंबर चारचौघांत मोठ्याने वाचायला लागू नये.

एक मर्यादा मात्र लायब्ररीने आणि तुम्हीही पाळा. शेजारी बसून लॉगिन करायला मदत करणं, छापून देणं, सरकारी पान दाखवणं ठीक. ‘तुम्ही अमुक मार्गाने अर्ज करा’ असं सांगणं हा इमिग्रेशन सल्ला झाला, आणि नोंदणीशिवाय तो देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, फुकट दिला तरी. अशा वेळी नोंदणीकृत सल्लागाराकडेच पाठवा. माझ्या मते प्रत्येक शाखेत जवळच्या दोन-तीन अशा सल्लागारांची यादी भिंतीवर असायला हवी. दान आलेल्या कपड्यांच्या पेट्यांपेक्षा तिची गरज जास्त आहे.

अर्ज प्रलंबित असताना आईला भेटायला जाऊन येते असं त्या म्हणाल्या, तर तिकिटाआधी सल्लागाराला फोन करायला लावा. देश सोडला की कलम ३सीचं संरक्षण संपतं.

जाता जाता दोन गोष्टी. युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याला, आठवड्याला १६ तासांची मर्यादा आहे, जास्त काम केलं तर बंद होईल, अशी भीती पुष्कळांना असते. ती मर्यादा या भत्त्याला नाही. हातात आलेल्या पगाराच्या दर पौंडामागे भत्त्यातून ५५ पेन्स कमी होतात, आणि मुलं असतील तर आधी काही रक्कम सोडूनच. आणि शिफ्ट लावण्याआधी बसचं वेळापत्रक बघा. एकेरी भाड्यावर ३ पौंडांची मर्यादा आहे हे खरं, पण शेवटची बस संध्याकाळी पाचला निघत असेल तर साडेपाचला कॅफे बंद करणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? बस गाठता येईल इतकं आधी सोडा.