गाडीत बसणार आबा, भांडताय तुम्ही दोघं भाऊ

प्रश्न : दादा नमस्कार, आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, कोल्हापूर-पुणे महिन्यातनं तीनचार वेळा होतं. आबा ७२ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फॉर्च्युनरमध्ये चढताना खाली स्टूल ठेवायला लागतं म्हणून आता सेडान घ्यायची ठरली. मी म्हणतोय मर्सिडीज ई-क्लास, धाकटा भाऊ म्हणतोय बीएमडब्ल्यू ५ सिरीज, पॉवर जास्त आणि पैसे कमी. दोन महिने झाले रोज रात्री जेवताना हाच विषय, बायको म्हणते आता ताटं वेगळी करा. ड्रायव्हर आहे पण पुण्याला जाताना भाऊच चालवतो. काय घ्यावं? आणि कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्समध्ये फायदा होतो का?

उत्तर : दोन महिने भांडलात आणि आबांना एकदा तरी दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर बसवलंत का? पत्रात कुठं दिसलं नाही म्हणून विचारतोय.

भावाचा हिशोब कागदावर चूक नाही हो. २०२४ च्या जुलैत ५ सिरीजचं लांब व्हीलबेसवालं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेलं, ५३०एलआय आलं तेव्हा एक्स-शोरूम ७२.९ लाख होतं, ऑक्टोबरमध्ये नवी ई-क्लास आली ती ई२०० पेट्रोल ७८.५ लाख. साडेपाच लाख जास्त देऊन पॉवर उलट कमी, २०४ एचपी, तिकडं बीएमडब्ल्यूला २५८. हे आकडे लाँचचे आहेत बरं का, २०२५ च्या सप्टेंबरात सेस जाऊन मोठ्या गाड्यांवर सरळ ४० टक्के जीएसटी झाला, त्यात किमती हलल्या, त्यामुळे आजचं कोटेशन लेखी घ्या, फोनवरच्या आकड्यावर जाऊ नका. बाकी मर्सिडीज चाकणला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईला, दोन्ही इथंच जोडल्या जातात, त्यामुळे 'इंपोर्टेड' वगैरे ऐकून भारावून जायचं काही कारण नाही.

आता मागची सीट. व्हीलबेस ५ सिरीजचा ३१०५ मिलिमीटर, ई-क्लासचा ३०९४. ११ मिलिमीटरचा फरक म्हणजे करंगळीएवढापण नाही, त्यावर सेल्समन दहा मिनिटं बोलला तर चहा पिऊन घ्या. खरा फरक सीटच्या पाठीत आहे, ई-क्लासची मागची पाठ बटणावर ३६ डिग्रीपर्यंत मागं जाते आणि मांडीखालचा भागही पुढं येतो, बीएमडब्ल्यूत पाय ताणायला जागा भरपूर पण पाठ आहे तशीच राहते. कोल्हापूर-पुणे चार तास, मध्ये खंबाटकी, वर हायवेची कामं, अशात ऑपरेशन झालेला गुडघा एकाच कोनात किती वेळ ठेवायचा ते आबाच सांगतील.

पण थांबा, माझा पण एक अनुभव. आमच्या सासऱ्यांसाठी अशीच एक मोठी सेडान बघायला गेलो होतो, बसले छान, खूश झाले, आणि उतरताना एक पाय बाहेर, एक आत, हात खांबाला आणि तिथंच अडकले. सीट एवढी खाली होती की मी आणि मेव्हण्यानं मिळून बाहेर काढलं. शोरूमवाला तोवर सनरूफ उघडून दाखवत होता! तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, म्हातारं माणूस बसतं कसं ते बघू नका, उतरतं कसं ते बघा, आणि कुणी हात न देता तीन वेळा उतरवा. फॉर्च्युनरला वर चढायचा त्रास होता, सेडानला खालून उठायचा होतो. दोन्ही गाड्यांत जमलं नाही तर सेडानचा नाद सोडा, एखादी मधल्या उंचीची एसयूव्ही बघा, सरळ सांगतो.

टेस्ट ड्राइव्हला मागं तीन माणसं बसवून गावाकडच्या एखाद्या स्पीडब्रेकरवरनं न्या. लांब व्हीलबेसच्या गाड्यांचं पोट घासतं आणि एकटा सेल्समन शेजारी बसलेला असताना ते कळत नाही. घरचं पार्किंगपण मोजा, ५ सिरीज ५१६५ मिलिमीटर लांब आहे, ई-क्लास ५०९२, पेठेतलं घर असेल तर हा फरक रोज रात्री कळणार. आणि डिकी उघडून स्टेपनी कुठं ठेवलीय ते बघा, नाहीतर बॅगा आबांच्या पायाशी येतात.

कंपनीचं असं, की महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर रोड टॅक्स १३ टक्के, डिझेलला १५, आणि कंपनीच्या नावावर सरळ २०. ७३ लाखांच्या गाडीवर ढोबळमानानं साडेनऊ लाखांच्या जागी साडेचौदा. वर जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतनं वळता करून घेणं, अशा गाडीवर मिळत नाही. घसारा, म्हणजे गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत कंपनीच्या खर्चात दाखवणं, १५ टक्क्यांनी मिळतो, तो पाच लाखांचा खड्डा किती वर्षांत भरतो ते सीएकडनं मांडून घ्या.

माझं मत विचाराल तर आबा उतरण्यात पास झाले की ई-क्लास. भावाला सांगा, महिन्यातनं चार दिवस स्टिअरिंग त्याच्याकडं, बाकीचे दिवस मागची सीट आबांकडं. आबा महिन्यातनं एकदाच बसणार असतील तर मात्र भाऊ बरोबर आहे, ५ सिरीज घ्या, चालवायला ती जास्त मजेची आहे.

प्रश्न : मी नाशिकला डॉक्टर आहे, ई-क्लास फायनल केलीय. ई२०० पेट्रोल की ई२२०डी डिझेल? रोज हॉस्पिटल जाऊन-येऊन १२ किमी, मुंबई महिन्यातनं एकदा.

उत्तर : पेट्रोल. डिझेलचा ४४० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कसारा घाटात भारी वाटतो हे खरं, पण डीपीएफमधली, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळायला गाडी बराच वेळ गरम पळायला लागते, सहा किमीत इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही ओपीडीत. शिवाय लाँचला डिझेल ८१.५ लाख होतं, म्हणजे तीन लाख गाडीचे जास्त, साधारण दोन लाख रोड टॅक्सचे जास्त, आणि अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) भरायचं लक्षात ठेवायचं ते वेगळंच.