गाठीवर क्यूआर कोड आला, मग कास्तकाराले काय भेटते?

प्रश्न : एका शेतकरी कंपनीचे लोक गावात येऊन गेले. म्हणे यंदापासून तुमचा कापूस ब्लॉकचेनवर चढणार, गाठीवर क्यूआर कोड लागणार अन् भाव जास्त भेटणार. हे ब्लॉकचेन नेमकं काय हाय, अन् आपल्याले पैसे भरा लागतात काय?
(एक वाचक, पांढरकवडा)

उत्तर : भाऊ, पैशाचं आधी सांगतो. माल ट्रॅक करायच्या ब्लॉकचेनला बिटकॉइनसारखं काही विकत घ्यावं लागत नाही, कॉइन घ्या म्हणून कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

ब्लॉकचेन म्हणजे नोंदवहीच, पण ती एकाच मालकाच्या कपाटात नसते. जिनिंगवाला, सूतगिरणी, कापडवाला, खरेदीदार सगळ्यांकडे तिची सारखीच कॉपी असते आणि दर नव्या नोंदीत आधीच्या नोंदीवरून काढलेला एक कोड असतो (हा गाठीवरचा क्यूआर नव्हे), त्यामुळे मागचा आकडा कुणी गुपचूप बदलला की पुढचे कोड जुळत नाहीत आणि गडबड लगेच दिसते. वॉलमार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानवाल्या कंपनीने आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीला सोबत घेऊन हे आंब्यावर करून पाहिलं, पाकिटातला आंबा कुठून आला हे शोधायला आधी जवळपास ७ दिवस लागले होते, ब्लॉकचेनवर २.२ सेकंद. आपल्याकडे कापसासाठी कस्तुरी कॉटन भारत हा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा करार झाला, त्यातही क्यूआर कोड आणि ब्लॉकचेनच आहे.

आता जिनिंगच्या आवारात काय होतं ते पाहा. तुमची गाडी भरलेली काट्यावर चढते, ग्रेडर कापसात हात घालून मॉइश्चर मीटर, म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र लावतो, ८ टक्क्यांच्या वर गेलं की भाव कापतो, मग कापूस गंजीवर पलटी होतो आणि गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येते. त्याच गंजीत दहा गावांचा माल, कुणाची पहिली वेचणी, कुणाची फरदड, कुणाची कवडी. पुढे सरकी वेगळी होऊन रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते, तिला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो, आणि कोड लागतो तो या गाठीला. मग तो कोड तुमच्या वावरापर्यंत येणार कसा? तुमच्या गटाची गंजी वेगळी लावली आणि वेगळी चालवली तरच येईल, नाहीतर तो जिनिंगच्या गेटवरच थांबतो.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी काट्याची वाटते. ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही पण लिहिलेलं खरं आहे का हे त्याला कळत नाही, १८ क्विंटलचे साडेसतरा लिहिले तर तेच कायमचं पक्कं होऊन बसतं. म्हणून कंपनीला चार लोकांसमोर विचारा की वजन काट्यातून सरळ सिस्टममध्ये जातं का कुणी हाताने टाकतं, मॉइश्चरचा आकडा त्यात चढतो का, आणि नोंद झाल्याबरोबर माझ्या मोबाइलवर मेसेज येतो का. जास्तीचा भावही लेखीच घ्या, कारण नुसत्या कोडला कुणी पैसे देत नाही, लांब धाग्याला आणि कचरा नसलेल्या मालाला देतात. वेचणीला प्लास्टिकच्या चुंगड्या बंद करून कापडी झोळ्या वापरा, तो फायदा कोडविनाही भेटतो.

कंपनीसोबत जिनिंग आणि सूतगिरणी खरंच जुळली आहे का हेही पाहा. मर्स्क ही जहाजवाली कंपनी आणि आयबीएमने २०१८ मध्ये जहाजाच्या मालासाठी ट्रेडलेन्स नावाचं असंच ब्लॉकचेन काढलं होतं, एवढ्या मोठ्या कंपन्या, तरी धंद्यातले सगळे सोबत आले नाहीत म्हणून २०२२ मध्ये ते बंद करायचं जाहीर करावं लागलं.

प्रश्न : बाहेरची संत्री नागपुरी म्हणून विकून राहिले. आमच्या पेट्यांवर असा कोड लावला तर हे थांबेल का?
(एक वाचक, वरूड)

उत्तर : ताई, नागपुरी संत्र्याला २०१४ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे हक्काचं नाव तुमच्याकडे आहेच. पण कोड पेटीवर असतो, फळावर नाही, रिकामी पेटी दुसऱ्या मालाने भरली तर ब्लॉकचेनला त्याचा पत्ताही लागत नाही. पॅकिंग तुमच्या गटाने स्वतः करून सील लावलं तरच त्या कोडला काही अर्थ. आणि बाग झाडावरच व्यापाऱ्याला देत असाल तर तोडणी त्याची, पेटी त्याची, कोडही त्याचाच. त्यामुळे एका बहाराची थोडी झाडं गटासाठी राखून ठेवा, तोडणीची तारीख आणि पेट्यांचा हिशोब साध्या रजिस्टरवर लिहा, ते नीट जमलं की मग सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा.