वडिलांच्या कानाची मशीन सारखी शिट्टी मारते. आवाज कमी करण्याशिवाय दुसरा उपाय आहे का?

तुम्ही लिहिलंय की कानामागची मशीन आहे, भाकरी चावताना आणि डोक्याला रुमाल बांधला की शिट्टी वाजते, दुकानदारानं आवाज कमी करून दिला आणि आता शिट्टी गेली तसं बोलणंही कळेनासं झालं. जिंतूरहून परत परभणीला चक्कर मारण्याआधी घरीच बरंच तपासता येईल.

आवाज कमी करणं हा माझ्या मते इलाजच नाही. मशीननं मोठा केलेला आवाज कानाच्या नळीत कोंडून राहायला हवा. कानात बसणाऱ्या साच्याच्या कडेनं तो बाहेर निसटला की माइक तोच परत उचलतो, मशीन तो आणखी मोठा करते आणि हे चक्र सुरू झालं की शिट्टी वाजते. ती बहुधा २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ती दाबायला हा वरच्या, बारीक सुरांचा भाग कापला की स, श, क, ट ही अक्षरंच बुडतात. मग मोंढ्यात भाव साठ सांगितला की आठ, हे माणसाला तोंडाकडे बघून ओळखावं लागतं. म्हणून आधी गळती कुठे आहे ते शोधायचं.

मशीन कानातून काढा, चालू ठेवा, आवाज नेहमीच्या पातळीवर असू द्या. ती आता शिट्टी मारेलच. हातात धरलेली मशीन वाजते यात बिघाड काही नाही. साच्याचं कानात जाणारं भोक बोटानं घट्ट दाबा. साच्याला हवेचं दुसरं बारीक भोक, म्हणजे व्हेंट असेल तर तेही दाबा. शिट्टी थांबली तर मशीन आणि ट्यूब, म्हणजे मशीन साच्याला जोडणारी प्लास्टिकची नळी, दोन्ही चांगली आहेत, गळती साचा आणि कान यांच्या मधे आहे. थांबली नाही तर ट्यूब हुकापासून, म्हणजे कानावर टेकणाऱ्या मशीनच्या कडक वाकड्या टोकापासून, ओढून काढा आणि हुकाचं तोंड दाबा. आता थांबली तर दोष ट्यूबमध्ये किंवा ट्यूब साच्यात जिथे चिकटवली आहे तिथे. तरीही वाजतेय? मग हुक सैल झाला असेल किंवा तडकला असेल, नाहीतर मशीनच्या आतला स्पीकर जागचा हलला असेल. हे काम घरी करायचं नाही, दुरुस्तीलाच द्या.

ट्यूब हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. मऊ, पारदर्शक असते तेव्हा ठीक. पिवळी पडून कडक झाली की आखडते, हुकावर सैल बसते आणि साच्याला कानातून बाहेर ओढते. साधारण ३ ते ६ महिन्यांनी ती बदलायची असते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून आधीही कडक होऊ शकते. जाड भिंतीची १३ नंबरची ट्यूब मागा, जास्त आवाजाच्या मशीनला तीच बरी, कारण पातळ ट्यूबच्या भिंतीतूनही आवाज गळतो. नवी ट्यूब मशीन कानामागे ठेवून मापानंच कापायला सांगा. आखूड झाली तर साचा उचलला जातो, लांब झाली तर मशीन कानावरून घसरते.

बोट लावून शिट्टी थांबली असेल तर आधी साचा नीट बसतोय का ते बघा. कानाची सगळी वाटी भरणाऱ्या पूर्ण साच्याचं वरचं टोक कानाच्या वरच्या घडीखाली अडकायला हवं. पुष्कळांचं ते बाहेरच राहतं आणि तेवढ्यानं शिट्टी वाजते. मशीन बंद करून, दुसऱ्या हातानं कान मागे-वर ओढून आधी नळीचा भाग आत सरकवा, मग साचा फिरवून टोक अडकवा.

मग मळ. नळीत मळाचा गठ्ठा असला की आवाज आत जाण्याऐवजी त्यावर आदळून बाहेर येतो. तो ईएनटी डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काडी नको, हेअरपिन नको आणि कोमट तेल तर मुळीच नको. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेल आत जातं आणि साच्याचं भोकही बुजवतं. कान वाहत असेल तर सगळं सोडून आधी डॉक्टर. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईला आहेत, तिथे कान-नाक-घसा विभाग असतो.

आता तुमच्या वडिलांचा खरा मुद्दा: चावताना शिट्टी. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि तोंड मिटून घेतलेल्या मापाचा साचा तेवढा वेळ सैल पडतो. उपाय म्हणजे नवीन माप, दातांत ठोकळा धरून तोंड उघडं ठेवून घेतलेलं आणि नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे गेलेलं. वजन उतरलं किंवा कवळी बसवली तरी जुना साचा सैल पडू शकतो. शिबिरात मिळालेल्या मशीनला पुष्कळदा तयार रबरी टोपीच असते. बहिरेपण ७० डेसिबलच्या पुढे असेल तर तिच्यावर विसंबू नका, मापाचा साचा करून घ्या. व्हेंट त्यात बंद किंवा जेमतेम १ मिलिमीटरचा असावा. व्हेंट बंद केल्यानं स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो, ही तक्रार येणारच. तेवढी सोसावी लागते.

साचा किंवा ट्यूब बदलली की ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाला, संगणकावर फीडबॅक टेस्ट पुन्हा चालवायला सांगा. डिजिटल मशीनमध्ये गळती मोजून तिच्या उलट आवाज सोडणारी सोय असते आणि जुन्या साच्यावरची मोजणी नव्याला लागू होत नाही. त्यानंतर कापलेला आवाज ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे, परत चढवून घ्या, नाहीतर सगळी मेहनत वाया. ही सोय भजनात मात्र घोळ घालते: हार्मोनियमचा लांब सूर तिला शिट्टी वाटतो आणि तो थरथरल्यासारखा ऐकू येतो. त्यासाठी संगीताचा वेगळा प्रोग्राम मागून घ्या.

रुमाल किंवा पदर कानावरून घेतला की कापड माइकसमोर येऊन आवाज परत ढकलतं. रुमाल कानाच्या वर बांधा. फोन कानाच्या भोकावर न दाबता थोडा वर, मशीनच्या माइकजवळ, बोटभर अंतर ठेवून धरा. झोपताना मशीन काढूनच ठेवायची आणि बॅटरीचं दार उघडं. जाताना वडिलांना सोबत न्या. नुसती मशीन पाठवून साचा बसतो की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.