फॉरमॅट केल्यापासून जुन्या कॉम्प्युटरवर मराठी फाइल अडखळत स्क्रोल होते. डिस्प्लेची कोणती सेटिंग बदलू?

रिझोल्यूशन कमी करू नका, आणि मशीन बदलायची घाई तर मुळीच करू नका. तुम्ही लिहिलंय की कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, विंडोज 7. दुकानातून फॉरमॅट करून आणला आणि तेव्हापासून वर्डमधली 120 पानांची मराठी फाइल खाली सरकवली की पान पट्ट्यापट्ट्यांनी वर जातं. यातला 'तेव्हापासून' फार महत्त्वाचा आहे. फॉरमॅटच्या आधी त्याच मशीनवर तीच फाइल नीट चालत होती ना? मग मशीन म्हातारं झालं, हे दुकानदाराचं म्हणणं मला पटत नाही.

आधी नोटपॅड उघडा, त्यात भरपूर मजकूर पेस्ट करा आणि माउसचं चाक फिरवा. मग नोटपॅडची विंडो वरच्या पट्टीला धरून स्क्रीनभर फिरवून बघा. मजकूर तिथेही रखडत असेल, विंडोमागे तिचे ठसे राहत असतील, तर वर्डला दोष देऊ नका. बहुधा डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स चिपशी बोलू देणारं सॉफ्टवेअर, बसवलेला नाही. आणखी एक खूण आहे. साडेअठरा इंची रुंद मॉनिटर बहुधा 1366×768 ठिपक्यांचे (पिक्सेलचे) असतात. ड्रायव्हर नसला की बऱ्याचदा हा आकडा रिझोल्यूशनच्या यादीत येतच नाही, स्क्रीन 1024×768 वर ताणला जातो आणि अक्षरं आडवी फुगल्यासारखी दिसतात.

खात्री करायला 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', मग 'डिव्हाइस मॅनेजर', आणि त्यात 'डिस्प्ले अडॅप्टर्स'. तिथे इंटेल, एनव्हिडिया असं काही नाव दिसायला हवं. त्याऐवजी 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर' दिसलं, तर दुखणं सापडलं. (विंडोज 10 वर हीच गोष्ट 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' या नावानं दिसते.)

याचा स्क्रोलशी काय संबंध, ते सांगतो. तुम्ही चाक फिरवता तेव्हा अख्खं पान पुन्हा काढायची गरज नसते. स्क्रीनवर आहे तेच चित्र उचलून तीन ओळी वर ठेवायचं आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत तेवढ्याच ओळी नव्यानं काढायच्या, एवढंच काम. हे उचलून ठेवणं ग्राफिक्स चिपच्या हातचं काम आहे, पण तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर असेल तरच. नसेल तर ते प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. 1024×768 च्या स्क्रीनवर 32 बिट रंग म्हणजे एका पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे एका चित्राचे 31,45,728 बाइट. चाकाच्या प्रत्येक खटक्याला यातला बराचसा ढीग प्रोसेसरनं एकट्यानं हलवायचा.

माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून देण्याचं काम आहे. मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी आपला सीपीयू पिशवीत घालून घेऊन आले. आत्मचरित्र टाइप करत होते. "अरे, पान वर जाईपर्यंत मी आधीची ओळ विसरतो," म्हणाले. लावून बघितलं तर दुकानाचं शटर वर ढकलावं तसं पान थांबत थांबत वर जात होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तीच ओळ. मदरबोर्डची (आतल्या मुख्य बोर्डाची) सीडी त्यांनी खोक्यासकट जपून ठेवली होती. ती घालून ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला. स्क्रीन दोनदा काळा झाला, परत आला, अक्षरं आपल्या मूळ रुंदीत आली. गुरुजींनी स्वतः चाक फिरवलं आणि काही न बोलता पहिल्या पानापासून वाचायलाच बसले.

तुमच्याकडे सीडी नसेल तर मदरबोर्डावर छापलेला मॉडेल नंबर बघून त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. विंडोज 32 बिट आहे की 64, ते आधी बघा. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर कृपया टाकू नका. त्यांच्यासोबत नको ते काय काय येतं, ते काढता काढता मी दिवस घालवलेत.

ड्रायव्हर बसूनही थोडं जड वाटलं तर मग सेटिंगला हात लावा. 'कॉम्प्युटर'च्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', तिथे 'परफॉर्मन्स'खालचं 'सेटिंग्ज' बटण. 'अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडलं की सगळ्या टिका निघतात. मात्र 'स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' ही टिक परत लावा. ती काढून थोडा वेग मिळेलही, पण मंगलसारख्या फॉन्टची शिरोरेषा आणि वेलांट्या खडबडीत होतात, आणि 120 पानं तशी वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. डेस्कटॉपवर 'पर्सनलाइझ'मध्ये जाऊन एरो या पारदर्शक कडांच्या थीमऐवजी 'विंडोज 7 बेसिक' थीम घ्या. ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरच असलेलं ग्राफिक्स तुमच्या 2 जीबीतूनच मेमरी घेतं, त्याला जितकं कमी काम तितकं बरं. रंग 32 वरून 16 बिटवर आणले की डेटा निम्मा होतो, पण फोटोत पट्टे दिसू लागतात. ड्रायव्हर मिळालाच नाही, तरच तो उपाय करा.

मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जड चालतो असं वाटत असेल तर तो भास नाही. 'स्त्री' हा शब्द युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असा सहा चिन्हांचा आहे. ती सहा चिन्हं जुळवून एक जोडाक्षर घडवायचं आणि मग काढायचं, हे काम विंडोजला करावं लागतं. इंग्रजीत ही जुळवाजुळव जवळपास नसते. म्हणून वर्डमध्ये वाचताना, दुरुस्त्या करताना 'व्ह्यू'मधून 'ड्राफ्ट' निवडा. मग समास, शीर्षटिपा, पानांच्या कडा यातलं काही वर्डला स्क्रीनवर काढावं लागत नाही. फाइलमध्ये फोटो असतील तर वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स'वर टिक करा, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी येतील.

फायरफॉक्समध्ये रखडत असेल तर सेटिंगमधलं 'युज स्मूथ स्क्रोलिंग' बंद करा. त्यात एका खटक्यासाठी अधलीमधली कितीतरी चित्रं काढली जातात, आणि जुनं मशीन तिथेच मागे पडतं. माउसच्या सेटिंगमध्ये 'व्हील' टॅबवर 3 ओळींच्या जागी 6 करून बघा. तेवढंच पान निम्म्या खटक्यांत सरकतं.

आधी डिव्हाइस मॅनेजरमधली ती ओळ बघा आणि बोर्डाच्या मॉडेल नंबरासकट मला इथे कळवा. ड्रायव्हर कुठला लागेल ते मी शोधून देतो.