बैल गेला नि मेंढरू गेलं

प्रश्न: झालेली चूक उमगण्यावर चिनी भाषेत मेंढरू आणि मेंढवाड्याची एक म्हण आहे, असं वाचलं. ती म्हणजे आपली 'बैल गेला नि झोपा केला'च ना? तिच्यामागची गोष्ट काय?

उत्तर: दिसायला जुळी, अर्थाने नेमकी उलट. म्हण आहे 'वांग यांग बू लाव'. चार अक्षरं, चार शब्द: गमावणे, मेंढरू, डागडुजी, वाडा. 'वांग'चा अर्थ मरणे असाही होतो, म्हणून 'मेंढरू मेल्यावर' असं चुकीचं भाषांतर आढळतं. इथे ते फक्त निसटलंय. 'लाव' म्हणजे आज तुरुंग, पण जुन्या भाषेत गुरांचा वाडा. गंमत बघा, त्या अक्षरात वर छप्पर आहे आणि खाली चक्क बैल!

एका रात्री लांडगा मेंढरू नेतो, शेजारी भोक बुजवायला सांगतो, धनगर ऐकत नाही आणि पुन्हा एक जातं, ही मुलांच्या पुस्तकातली गोष्ट नंतरची. मूळ 'चान ग्वो त्स' या राजकीय संवादांच्या संग्रहात आहे ते एकच वाक्य, तेही एका हरलेल्या राजाला सुनावलेलं.

छू राज्याचा राजा श्यांग चार लाडक्या सरदारांच्या संगतीत चैनीत बुडाला होता. 'अशानं राजधानी जाईल,' असं च्वांग शिन या मंत्र्यानं बजावलं. राजा म्हणाला, 'म्हातारचळ लागलाय, की राज्याला अपशकुन करतोयस?' च्वांग शिन चाव या दुसऱ्या राज्यात निघून गेला. तो तिथे पाच महिने राहिला, आणि खरोखरच छिन या शत्रुराज्याच्या फौजांनी राजधानी यिंग घेतली. ते साल इ.स.पू. २७८. पळालेल्या राजानं माणसं पाठवून त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, 'तुझं ऐकलं नाही, आता काय करू?' तेव्हाचं उत्तर: ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तरी वेळ गेलेली नाही, मेंढरू गेल्यावर वाडा दुरुस्त केला तरी उशीर झालेला नाही.

हा नुसता धीर नव्हता, त्यामागे हिशेब होता. पूर्वीच्या थोर राजांनी शंभर ली (अंतराचं चिनी माप) मुलखावर राज्य उभं केलं. छूकडे तुकडे जोडून अजून काही हजार ली उरलेत, असं तो लगेच पुढे सांगतो. म्हणीचं मर्म इथेच आहे. आपल्या म्हणीत बैल एकच, तो गेल्यावर झोपा कुणासाठी? मेंढरांचा मात्र कळप असतो, एक गेलं तरी बाकीची आत आहेत.

राजानं मंत्र्याला जहागीर दिली आणि ह्वाय नदीच्या उत्तरेचा मुलूख परत मिळवला. राज्य पुढे ५५ वर्षं टिकलं.

म्हणून काहीच उरलं नसेल तिथे ही म्हण वापरू नका. आपल्या बैलाला जवळची चिनी म्हण हवी असेल तर 'त्सेइ छ्यू क्वान मेन' घ्या: चोर गेला, मग दार लावलं.