गाडी थंड असताना बघ

चिरंजीव,

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: "काका, एक लाख बासष्ट हजार पळालेली गाडी घेऊ की नको?" आणि त्याखाली चौदा फोटो. धुतलेली, पॉलिश मारलेली, टायरला काळं लावलेली गाडी. चौदातल्या एकाही फोटोत बॉनेट उघडं नाही. तू किलोमीटरला घाबरलायस, आणि विकणारा रविवारपर्यंत टोकन मागतोय म्हणून घाईला आलायस. भीती आणि घाई, दोन्ही चुकीच्या जागी आहेत.

२०१४ ची डिझेल स्विफ्ट, एक लाख बासष्ट हजार, म्हणजे वर्षाला तेरा-चौदा हजार. निपाणी-कोल्हापूर ये-जा करणाऱ्या माणसाचा हा साधा हिशेब आहे. हीच गाडी मीटरवर साठ हजार दाखवत असती तर मी तुला जास्त अडवलं असतं, कारण डिझेल गाडी माणूस पळवायलाच घेतो. मीटर मागे फिरवलाय का हे क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची गुळगुळीत झालेली जागा आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची दबलेली कड सांगते. त्यावर सर्व्हिसच्या नोंदी माग. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ते ओळीनं वाढत गेलेत ना, एवढं बघायचं. किलोमीटरचा विषय माझ्यापुरता इथं संपला.

आता मुख्य गोष्ट. गाडी थंड असताना बघ. रात्रभर उभी असलेली, सकाळी कुणी किल्ली न फिरवलेली. तू लिहिलंयस की विकणारा गाडी घेऊन स्वतः बेळगावात, तुझ्याकडे उद्यमबागेत येतो म्हणतोय. नको. कोल्हापुरावरून शंभर किलोमीटर पळून आलेलं इंजिन तुला काहीच सांगणार नाही. गरम इंजिनात तेल सगळीकडे पोचलेलं असतं, धातू फुगून फटी बुजलेल्या असतात, बॅटरी भरलेली असते, थंड डिझेल इंजिन पेटवायला लागणाऱ्या हीटर प्लगचं काम उरलेलं नसतं. खोड लपवायला एवढं पुरतं. तू तिकडे जा. आदल्या रात्री फोन करून सांग, "गाडी सुरू करू नका, मी सकाळी सातला येतो," आणि साडेसहालाच पोच.

पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेव, पण तेवढ्यावर विसंबू नकोस, पत्रा लवकर निवतो. बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपला हात लाव. इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ कोमट राहतो. कोमट लागला तर नमस्कार करून माघारी फिर. भांडू नकोस, कारण विचारू नकोस. दुसऱ्या एखाद्या दिवसाची वेळ घे.

थंड असेल तर किल्लीला हात लावण्याआधी तीन गोष्टी कर. ऑइलची कांडी काढून पूस, परत घालून काढ. डिझेलचं ऑइल काळं असतं, त्याला घाबरायचं नाही. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय. मग कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी उघड. ती गरम असताना उघडली तर अंगावर उडून भाजतं, म्हणजे याही तपासणीला गाडी थंडच लागते. आत गंजाचं तपकिरी पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. वर तेलकट तवंग असेल तर पुढचं काही बघू नकोस.

तिसरी गोष्ट ऑइल भरायचं झाकण. ते उलटं करून मोबाइलच्या उजेडात धर, आणि त्याच उजेडात आत डोकाव. खालचा धातू तपकिरी पण स्वच्छ दिसला तर ऑइल वेळेवर बदललंय. डांबरासारखा थर असेल, नखानं खरवडून निघत असेल, तर नीट समजून घे, कारण या इंजिनात तो थर आणि चेनचा आवाज हे एकच दुखणं आहे. हे फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दहा हजाराला बदलायचं ऑइल कुणी वीस हजारापर्यंत ओढलं की गाळ धरतो, टेन्शनर आळसावतो, चेन सैल पडते, आणि एक दिवस दात सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यानंतर हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

ही सैल चेन फक्त थंड इंजिनात बोलते. सुरू केल्यावर पहिले एक-दोन सेकंद, ऑइलचा दाब चढेपर्यंत, गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूनं डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवून तिथं उभा राहा आणि किल्ली दुसऱ्याला फिरवायला सांग. आवाज दोन-तीन सेकंदांपुढे गेला तर चेन, गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाकं) असा पूर्ण किट बदलायचा खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. नुसती चेन बदलून देतो म्हणाला तर ऐकू नकोस. झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही.

धूरही तेव्हाच बघायचा. सायलेन्सरपाशी पांढरा कागद धरून एकाला उभा कर. थंडीत पहिले काही सेकंद पांढरट धूर आला तर चालतं. तो रेंगाळला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असला तर हीटर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे बोट जातं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. एक्सलेटर दाबल्यावर काळा लोट आला तर ईजीआर (जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर नाही तर टर्बोच्या पाइपची गळती. धूर चालू असतानाच तोच वरचा रबरी पाइप दाब. सुरू करून एक-दोन मिनिटंच झाली, पाणी अजून गारच आहे, आणि पाइप दगडासारखा कडक, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडला चीर आहे. गरम गाडीत हा पाइप कडक असतोच, तिथं यावरून काही ठरवता येत नाही. आता कळलं, मी एकच गोष्ट धरून का बसलोय?

तुला वाटेल काका फार ताणतात. पूर्वी मी हे सौम्यपणे सांगायचो, "जमलं तर सकाळी बघा" असं. त्याचा मला पस्तावा आहे. "जमलं तर" म्हटलं की माणूस ऐकत नाही, आणि मग हप्ता आणि गॅरेजचं बिल एकाच महिन्यात भरत बसतो. म्हणून ते दोन शब्द मी टाकून दिलेत. हट्टी म्हण, चालेल.

थंड बघून झाली की पंखा आपोआप लागेपर्यंत चालू ठेव, मग चालवायला घे. सपाट रस्त्यावर नको, निपाणीजवळच्या तवंदी घाटात ने. चौथ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण एक्सलेटर दे. इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. गरम झाल्यावर निवांत उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तर बेअरिंगं झिजली असतील. किल्ली पहिल्यांदा फिरवल्यावर इंजिनचा, आणि एअरबॅग असेल तर तिचाही, दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम मारलाय. सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर, एसी, टायर या सगळ्या घासाघिशीच्या गोष्टी, त्यात जीव अडकवू नकोस. टायरवरचे शेवटचे चार आकडे मात्र वाच: ३२१९ म्हणजे टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलाय.

एक गोष्ट आपल्या भागापुरती, पण तिच्यात मी तडजोड करणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कृष्णा-पंचगंगेच्या काठानं किती गाड्या पाण्यात गेल्या हे तुला सांगायला नको. त्या पुसून, वाळवून पुन्हा बाजारात येतात. सीट आणि गालिचा बदलता येतो, म्हणून तिथं शोधू नकोस. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, रोज बाहेर न येणारा भाग बघ. नदीचा बारीक करडा गाळ विणीत बसला की निघत नाही, आणि पट्ट्यावर आडवी रेघ दिसते. मग स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरींचे कनेक्टर. तिथं हिरवट गंज चढला असेल तर गाडी सोड, कितीही स्वस्त असो. खानापूरच्या पावसातली तांबडी माती खालून लागलेली असेल तर तिची काळजी नाही, ती बाहेरची आहे. डिकीच्या गालिच्याखालची माती आतली.

आता कागद. गाडी एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची, तू राहणार केए-२२ मध्ये, बेळगावात. सीमेवरच्या शिनोळीपलीकडे, महाराष्ट्रात, पाव्हणे असले की लोक नंबर तसाच ठेवून वर्षानुवर्षं फिरवतात. तू ते करू नकोस. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो, कायदाच आहे. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), म्हणजे फॉर्म २८, शिवाय मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० हवेत. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं किंवा पतसंस्थेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. कर्नाटकाचा आजीव कर गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो आणि तो हलका नाही. बेळगावच्या आरटीओत आधी आकडा काढून घे, मग भाव बोल. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण अर्ज आपणच करायचा असतो. विम्याच्या कंपनीला १४ दिवसांत मालक बदलल्याचं कळव. आणि २०२९ ला पंधरा वर्षं भरतील. १ एप्रिल २०२२ पासून नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झालीय, तीही हिशेबात धर. कराराचा स्टॅम्प पेपर कानडीत असेल आणि वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस. त्यावर ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घे, म्हणजे त्याआधीचा दंड नि अपघात तुझ्या गळ्यात येणार नाहीत.

पैशांचं एवढंच: तो दोन लाख ऐंशी हजार म्हणतोय, तर त्याचा पाचवा हिस्सा, छप्पन हजार, दुरुस्तीसाठी वेगळा बाजूला हवा. तो नसेल तर ही गाडी तुला परवडत नाही, दोन लाखाची शोध. घेतलीस तर पहिल्याच दिवशी ऑइल (याला तीन लिटरच्या आसपास लागतं), ऑइल, एअर आणि डिझेल असे तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदल. आधीच्या मालकानं परवाच बदललं म्हणाला तरी बदल.

आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी म्हणालास. रस्त्यात बंद पडणारी गाडी तिला नको, हे मी तुझ्यापेक्षा जास्त धरून आहे, म्हणून आवाज चढतो. राग मानू नकोस.

टोकन आज देऊ नकोस. रविवारी पहाटेची पहिली एसटी पकड, खिशात टॉर्च, जुनी चिंधी आणि एक पांढरा कागद ठेव. पाइप गार लागला तर किल्ली फिरवण्याआधी मला फोन लाव, तो आवाज मलाही ऐकू दे. कोमट लागला तर चहा पी आणि परत ये, त्याच्या पुढच्या रविवारी जाऊ.

तुझा,
काका