ऑटोमॅटिक घड्याळ आणि वॉच वाइंडर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे तीन ऑटोमॅटिक घड्याळे आहेत आणि मी ती आलटूनपालटून वापरतो. लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानात सांगण्यात आले, की घड्याळ बंद पडून राहिले तर आतले तेल गोठते, म्हणून वॉच वाइंडर, म्हणजे न घातलेले घड्याळ मोटरीने फिरवत चालू ठेवणारी पेटी, घेतलाच पाहिजे. हे खरे आहे का? (कोथरूड)

उत्तर : आता खरे नाही. ही समजूत ज्या काळातून आली, त्या काळी घड्याळांत प्राणिज तेले वापरली जात. उत्तम तेल तर समुद्री सस्तन प्राण्यांच्या जबड्यातून काढलेले असे, आणि हवेच्या संपर्काने काही वर्षांत ते घट्ट होई. आजची कृत्रिम तेले अशी गोठत नाहीत. त्यांचा गुणधर्म वर्षांच्या हिशेबाने कमी होतो आणि तो घड्याळ चालू असो वा बंद, कमी होतोच. म्हणून चारपाच वर्षांनी सर्व्हिसिंग करून घ्यावे लागते आणि वाइंडर घेतल्याने ते टळत नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी. तासाला 28,800 ठोके देणारे घड्याळ दिवसभरात 6 लाख 91 हजार 200 ठोके देते, आणि कपाटात अखंड फिरत ठेवलेले घड्याळ कुणी वेळ पाहत नसतानाही तेवढेच ठोके देत असते. बंद घड्याळाची झीज होत नाही.

बंद घड्याळ पुन्हा वापरात आणण्याचा खरा त्रास वेळ आणि तारीख लावण्याचा असतो, आणि तो दोन मिनिटांचा आहे; मात्र तो योग्य रीतीने करावा. साधारण रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत तारीख बदलणारी चाके एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्याच वेळी चावी मधल्या टप्प्यावर ओढून तारीख फिरवली तर दाते मोडू शकतात. तबकडीवरून सकाळ की रात्र हे कळत नसल्याने सोपा उपाय असा : प्रथम काटे सहावर आणावेत, कारण सहा सकाळचे असोत वा संध्याकाळचे, तेव्हा तारखेची चाके मोकळी असतात. मग मधल्या टप्प्यावर कालची तारीख लावावी, चावी पूर्ण बाहेर ओढून काटे पुढे फिरवावेत, आणि तारीख बदलली की मध्यरात्र झाली असे समजून आजच्या वेळेपर्यंत यावे. दुपार उलटून गेली असेल, तर वाटेत बारा आणखी एकदा ओलांडायला विसरू नये.

प्रश्न : मी हिंजवडीतील कंपनीसाठी घरूनच काम करतो. घड्याळ रोज दिवसभर हातात असते, तरी सकाळी पाहावे तर बंद. वाइंडर घेऊ का? (वाकड)

उत्तर : आधी घड्याळात दोष आहे की हालचाल कमी पडते, हे ठरवावे, वाइंडर घेतला तर पहिली शक्यता नुसती झाकली जाईल. ऑटोमॅटिक घड्याळातील रोटर, म्हणजे आतले फिरते वजन, हाताच्या हालचालीने फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळतो. टेबलावर मनगट टेकवून दिवसभर कळफलक बडवणाऱ्याच्या हाताची हालचाल त्याला पुरत नाही. दुचाकीवरही हात हँडलवर स्थिर असतो, त्यामुळे आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांना निदान हे श्रेय देता येणार नाही.

परीक्षा घरी होते. चावी स्क्रूची असेल तर प्रथम उलटी फिरवून मोकळी करावी; ती आतल्या स्प्रिंगने किंचित बाहेर येते. मग अंगठा आणि तर्जनी यांत धरून सरळ दिशेने तीसचाळीस फेरे द्यावेत. जास्त फेऱ्यांची भीती नको, कारण ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक पक्के बांधलेले नसते आणि पूर्ण भरल्यावर ते स्प्रिंगच्या डबीच्या भिंतीवरून घसरते. आता घड्याळ टेबलावर ठेवून ते किती तासांनी थांबते ते पाहावे. ईटीए या स्विस कंपनीचे 2824-2 सारखे यंत्र सुमारे 38 तास चालते, पॉवरमॅटिक 80 नावाप्रमाणे 80 तास. घड्याळ त्याच्या नोंदलेल्या वेळेच्या जवळपास पोहोचले तर ते निर्दोष आहे, आणि सकाळी वीसेक फेरे दिल्याने तुमचे काम भागेल; अर्ध्यातच थांबले तर वाइंडरचे पैसे सर्व्हिसिंगला द्यावेत. सेइकोचे 7एस26 यंत्र असेल, तर त्याला हाताने चावी देताच येत नाही. ते आडवे धरून काही वेळ हलक्या हाताने झुलवावे लागते.

प्रश्न : वडिलांचे एचएमटी जनता वाइंडरमध्ये ठेवले तर चालेल का? (सदाशिव पेठ)

उत्तर : ठेवता येईल, उपयोग होणार नाही. जनता हे हाताने चावी देण्याचे घड्याळ आहे, त्यात रोटरच नाही. रोज ठरावीक वेळी चावी द्यावी आणि हाताला घट्ट लागले की थांबावे. येथे स्प्रिंगचे टोक बांधलेले असते, त्यामुळे वरील घसरण्याची सोय नाही.

प्रश्न : मग वाइंडर कुणालाच नको, असे म्हणावे का? (औंध)

उत्तर : तसे नाही. ज्या घड्याळात वार, तारीख, महिना, लीप वर्ष आणि चंद्रकला हे सर्व एकत्र चालते, ते काही आठवडे बंद राहिल्यास पुन्हा लावणे खरोखर कष्टाचे असते. आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने 1985 साली आणलेल्या अशा घड्याळात सगळे दर्शक एकाच चावीने पुढे जातात, मागे येत नाहीत. पुढे गेलेली चूक निस्तरायची तर घड्याळ बंद करून ती तारीख येईपर्यंत थांबावे लागते किंवा कारागिराकडे जावे लागते. अशा मालकाने वाइंडर अवश्य घ्यावा. नुसती चंद्रकला असेल तर मात्र घाई नको. पंचांगात पौर्णिमा पाहावी, चंद्र पूर्ण करून लावावा आणि पुढचे जेवढे दिवस गेले तेवढे टप्पे पुढे ढकलावेत. साध्या चंद्रचक्राला 59 दाते असतात आणि ते महिना साडेएकोणतीस दिवसांचा धरते, त्यामुळे अखंड चाललेल्या घड्याळातही सुमारे अडीच वर्षांनी एका दिवसाचा फरक पडतोच.

प्रश्न : भेट म्हणून वाइंडर मिळालाच आहे. तो कसा लावावा? (कर्वेनगर)

उत्तर : दिवसाला फेरे आणि दिशा, या दोन गोष्टी यंत्राप्रमाणे जुळवाव्यात. बहुतेक घड्याळांना 650 ते 800 फेरे पुरतात. ईटीए 2824-2 दोन्ही दिशांनी स्प्रिंग भरते. मियोटा 8215 आणि ईटीए 7750 एकाच दिशेने भरतात, आणि वाइंडर विरुद्ध बाजूने फिरत असेल तर महिनाभर फिरूनही ती थांबलेलीच सापडतील. कमी आकड्यापासून सुरुवात करावी आणि घड्याळ चालू राहते असे दिसले की तेथेच थांबावे.

स्वस्त पेटीत मोटरीचे चुंबकत्व पुरेसे अडवलेले नसते. घड्याळ एकाएकी दिवसाला अर्धा मिनिट पुढे जाऊ लागले, तर प्रथम हीच शंका घ्यावी. चुंबकत्व काढण्याचे काम कारागिराकडे उभ्याउभ्या होते. पावसाळ्यात पेटी बंद कपाटात असेल तर चामडी पट्ट्याला बुरशी धरते, आणि घड्याळ फिरत असले तरी ती टळत नाही. पट्टा कोरडा करूनच घड्याळ आत ठेवावे आणि शेजारी सिलिका जेलची पुडी टाकावी.